दलाल कोणाचा माणूस?

‘दलाल’ हा शब्द आज आपल्या बोलण्यात जवळजवळ शिवीसारखा येतो. राजकारणावर बोलताना असो की बाजारावर, एखाद्याला हलका ठरवायचा झाला की तो वापरावा असा रिवाजच पडून गेला आहे. वास्तविक हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि मुळात त्याचा अर्थ ‘वाट दाखविणारा’ असा आहे. वाट दाखविणाऱ्या माणसाची अशी अधोगती का व्हावी, याचा विचार शहरात घर घेऊ पाहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने करावा असे आम्हांस वाटते. प्रश्न पैशाचा आहेच, पण त्याहून अधिक तो विवेकबुद्धीचा आहे.

औरंगाबाद धर्मप्रांताची स्थापना १९७७ साली झाली. मराठवाडाभर विखुरलेल्या या धर्मप्रांतातील शिक्षक, परिचारिका आणि लहानसहान नोकरदार कुटुंबे मुले दहावीला आली की लातूरकडे किंवा नांदेडकडे पाहू लागतात. ‘लातूर पॅटर्न’चा लौकिक राज्यभर झाल्यापासून तर हा ओढा अधिकच वाढला. दोन खोल्या भाड्याने घ्याव्यात, की भविष्यनिर्वाह निधीतली रक्कम काढून एखादा प्लॉट घेऊन टाकावा, हा विचार घरोघरी चालतो. शहरेही या काळात पसरत गेली. लातूर १९८२ साली स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे झाले. नांदेडात २००८ च्या गुरुतागद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने रस्ते रुंद झाले. भोवतालच्या शेतांत चुन्याच्या रेघा पडल्या आणि तुरीच्या शेतांची ‘नगरे’ झाली.

परंतु मराठवाड्याची जमीन दिसते तेवढी साधी नाही. निजामी अमलातील इनामे, देवस्थानच्या आणि खिदमतमाश जमिनी, १९५० च्या हैदराबाद कूळकायद्याने निर्माण झालेले हक्क, सातबाऱ्यावरचा ‘भोगवटादार वर्ग २’ हा इवलासा शेरा, बहिणींनी कधीच न सोडलेले हिस्से, अकृषिक परवानगीवाचून पाडलेले गुंठ्यांचे तुकडे; यांतले काहीही प्लॉटवर उभे राहून दिसत नाही. असे तुकडे नियमित करण्यासाठी २००१ साली वेगळा गुंठेवारी कायदा करावा लागला, यावरूनच त्यांचे प्रमाण ध्यानी यावे. मुखेडहून किंवा अहमदपूरहून आलेल्या शिक्षकाने हे सारे कोठून जाणावे? त्याला वाट दाखविणारा लागतोच. तेव्हा ‘दलाल हवाच कशाला?’ असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. जो माणूस चार वेळा तलाठ्याकडे जातो, फेरफार काढून आणतो, वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घेववितो आणि ‘ही जागा घेऊ नका’ असेही सांगतो, त्याची मजुरी ही घामाचीच मजुरी आहे. ती देताना हात आखडणारे लोकही आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांचे वर्तन आम्हांस दलालीइतकेच तपासून पाहण्याजोगे वाटते.

मध्यस्थ आपल्या लोकांना नवा नाही. लातूरच्या मोंढ्यात शेतकरी माल आणतो तो अडत्याच्या दारी. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या यात्रेसारख्या जनावरांच्या बाजारांत रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची रीत फार जुनी आहे. बैलाचा धनी समोर उभा असतो, पण त्याच्या बैलाची किंमत रुमालाखाली चालू असते. या अडतीच्या व्यवहारात खरा वाद नेहमी एकाच गोष्टीचा होता: अडत कोणी द्यावी आणि अडत्याने राबावे कोणासाठी? २०१६ साली राज्यशासनाने फळे आणि भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरविले, तेव्हा बाजार समित्यांत केवढी खळबळ उडाली! पैसा कोणाच्या हातून येतो यावर माणसाची निष्ठा पुष्कळदा ठरते, हे व्यापाऱ्यांना आणि शेतकऱ्यांना चांगले ठाऊक होते.

जागेच्या व्यवहारात मात्र हे रुमालाखालीच राहते. समजा, आमच्या या शिक्षकाने एका परिचिताला जागा पाहून देण्यास सांगितले. परिचित म्हणाला, “गुरुजी, तुमच्याकडून काय घ्यायचे? जे देणार ते विकणाराच देईल.” गुरुजींना ते सौजन्य वाटले. पण ज्याची मजुरी विकणारा देतो आणि तीही विक्रीच्या रकमेवर शेकड्याने, तो भाव उतरवून घेण्यासाठी किती झटेल? याहूनही वाईट प्रकार आहेत. विकणाऱ्या शेतकऱ्याशी ‘तुमच्या हातात इतके, त्यावरचे माझे’ असे ठरवून गुरुजींना वाढीव भाव सांगणे हा एक. शेतकऱ्याला थोडकी रक्कम देऊन स्वतःच्या नावे इसारपावती करून घेणे आणि मुदत संपण्याआधी तीच जागा गुरुजींच्या गळ्यात घालणे हा दुसरा. खरेदीखत शेतकऱ्याकडून थेट गुरुजींना होते, त्यामुळे मधला नफा कोणत्याच कागदावर उमटत नाही.

असा नफा कायद्यालाही मान्य नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात याची तरतूद दीडशे वर्षांपासून आहे. अभिकर्त्याने म्हणजे एजंटाने आपल्याला नेमणाऱ्याच्या नकळत स्वतःच्याच खात्यावर तो व्यवहार केला, तर त्यातील लाभ नेमणाऱ्याला मागता येतो. अर्थात त्यासाठी नेमणूक झाली होती हे दाखविता आले पाहिजे; आणि आपल्याकडे नेमणूक होते ती चहाच्या टपरीवर, तोंडी. अमेरिकेसारख्या देशातही फार वेगळी स्थिती नव्हती. तेथील फेडरल ट्रेड कमिशनच्या १९८३ च्या अहवालात असे दिसून आले, की घर दाखवीत फिरणारा एजंट आपलाच माणूस आहे अशी बहुसंख्य खरेदीदारांची समजूत होती. कायद्याने मात्र तो बहुधा विकणाऱ्याचा असे. केवळ खरेदीदारासाठी काम करणारे एजंट तेथे पुढे रूढ झाले, आणि ऑगस्ट २०२४ पासून घरे दाखविण्यापूर्वीच खरेदीदाराशी लेखी करार करून मोबदला ठरविण्याचा नियम तेथील एजंटांच्या प्रमुख संघटनेला स्वीकारावा लागला.

येथे प्रभू येशूंची दोन धन्यांविषयीची शिकवण कोणालाही आठवेल. तिच्या आधारे काही जण म्हणतील, की दोन्ही पक्षांकडून दलाली घेणे हे पापच होय. आम्ही इतक्या पुढे जात नाही. सोयरीक जुळविणारा माणूस दोन्ही घरचा असतो आणि त्यात कोणाला गैर वाटत नाही, कारण तो दोन्ही घरचा आहे हे दोन्ही घरांना ठाऊक असते. फसवणूक दोघांकडून घेण्यात नाही. एकाला ‘मी फक्त तुमचाच’ असे भासवून दुसऱ्याकडून घेण्यात आहे. उत्पत्तीच्या पुस्तकातील तेविसाव्या अध्यायात अब्राहाम पत्नीच्या दफनासाठी जागा घेतो तो प्रसंग या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. तो तेथे परका आहे आणि ते तो लपवीत नाही. एफ्रोनकडे आपल्यासाठी शब्द टाका, अशी विनंती तो हित्ती लोकांना करतो. म्हणजे मध्यस्थ आहेतच. पण सारी बोलणी नगराच्या वेशीत, सर्वांच्या कानांवर पडतील अशी होतात. चारशे शेकेल रुपे सर्वांदेखत तोलले जाते. शेत, गुहा आणि हद्दीवरची झाडे यांचा उल्लेख तर इतका काटेकोर आहे, की आपल्या खरेदीखतांतील चतुःसीमा आठवावी.

लपविलेल्या दोषाचा प्रश्न नीतिशास्त्रज्ञांनी फार पूर्वीपासून चर्चिला आहे. सिसेरोने ख्रिस्तपूर्व ४४ साली लिहिलेल्या कर्तव्यावरील ग्रंथात सिराक्यूज येथील एका सावकाराची गोष्ट येते. त्याने कोळ्यांना पढवून ठेवले आणि गिऱ्हाईक जेवायला आले त्या दिवशी आपल्या बागेसमोरच्या पाण्यात होड्यांची आणि मासळीची झुंबड उडवून दिली. भुललेल्या रोमन गृहस्थाने मागितली ती किंमत देऊन बाग घेतली. दुसऱ्या दिवशी एकही होडी दिसेना, आणि शेजारी सांगू लागला की येथे कोणी मासे धरीतच नाही. लातुरात मासळीचे आमिष चालणार नाही. पण गिऱ्हाईक येण्याच्या दिवशी टँकरने भरून ठेवलेली टाकी त्याच जातीची आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे बोअर फाल्गुनात आटते हे न सांगणे म्हणजे घराचे छप्पर नाही हे न सांगण्यासारखे आहे. नांदेडात गोदावरी चढली की सखल भागांत पाणी शिरते. उन्हाळ्यात जागा पाहणाऱ्याला ते कसे कळावे? संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा’मध्ये खरेदी-विक्रीतील लबाडीवर एक संपूर्ण प्रश्न खर्ची घातला आहे. उघड दिसणारा दोष विक्रेत्याने बोलून दाखविलाच पाहिजे असे नाही, मात्र किंमत त्या मानाने कमी हवी. परंतु घेणाऱ्याचे नुकसान करील असा लपलेला दोष सांगण्यास तो बांधलेला आहे, असे त्यांचे मत. विकणाऱ्यावरच एवढे बंधन असेल, तर घेणाऱ्याची दलाली घेतलेल्या माणसावर ते किती पटींनी असावे!

येथवर वाचून खरेदीदार वाचकांना बरे वाटले असेल. सारा दोष दलालाकडे गेला! पण आमचा खरा मुद्दा यापुढचा आहे. दलाल नेमला म्हणजे त्याच्या हाताने होणारे कृत्य आपले होत नाही, अशी एक सोयीची समजूत आपल्यात रुजली आहे. औसा रोडवरचा तो शेतकरी दवाखान्याच्या बिलासाठी किंवा मुलीच्या लग्नासाठी घाईने दोन एकर काढतो आहे, हे दलालाने ताडले आणि त्याला आणखी आठवडाभर ताटकळत ठेवून भाव पाडला. आपण म्हणतो, “एजंटने चांगला सौदा केला.” दुसऱ्याच्या अज्ञानाचा वा अडचणीचा फायदा घेऊन किमती फिरविणे हे कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथाने चोरी करू नये या आज्ञेखाली घातले आहे. पिलातानेही हात धुतले होते. ज्यांनी ते काम पुढे नेले ते त्याचेच शिपाई होते. सिसेरोच्याच ग्रंथात क्विंटस स्कायव्होला याचीही हकीकत आहे. त्याला एक जमीन घ्यायची होती. विकणाऱ्याने किंमत सांगितली; जमीन त्याहून अधिक मोलाची आहे असे म्हणून त्याने एक लाख सेस्टर्सीस जादा दिले. लोक म्हणत, हे सज्जनाचे काम खरे, पण शहाण्याचे नव्हे. हा भेदच सिसेरोला मान्य नव्हता.

रोखीच्या रकमेचेही तसेच. ‘इतके कागदावर, इतके हातात’ हे वाक्य दलाल उच्चारतो, म्हणून ते त्याचे ठरत नाही. १ जून २०१५ पासून जागेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने बंदी घातली, तरी ‘सगळेच करतात’ हा युक्तिवाद काही संपलेला नाही. विकणारा अडून बसतो आणि पांढऱ्या पगारात जगणाऱ्या गुरुजींना काळी रक्कम उभी करण्यासाठी कर्ज काढावे लागते, ही विटंबना आम्ही जाणतो. अशा गुरुजींना आम्ही पट्टीच्या करबुडव्याच्या पंक्तीस बसविणार नाही. तरीही तो सौदा सोडून दुसरी जागा पाहण्याची मुभा बहुतेक वेळा असते, आणि ती वापरली जात नाही.

एक गोष्ट मात्र आम्हांस अजून अवघड वाटते. काही वसाहतींत नावगाव ऐकले की जागा ‘नुकतीच गेलेली’ असते. मग दलाल सुचवितो, “इसार माझ्या नावावर होऊ द्या; तुमचे आडनाव शेवटी सांगू.” येथे लपविणे आहे, पण ज्याच्यापासून लपवायचे त्याला ते विचारण्याचा नैतिक अधिकार नाही. न विचारलेले न सांगणे आणि विचारल्यावर खोटे सांगणे यांत अंतर आहे, आणि पहिल्याला आम्ही दोष देत नाही. परंतु ज्या घराचा पायाच नाव लपवून घातला, त्या घरावर पुढे नाताळचा तारा लावताना मनात काय येईल, याचा विचार त्या कुटुंबाने आधी करून ठेवावा. अब्राहामाने आपण परके आहोत हे आरंभीच सांगितले होते, हे खरे. पण त्याला जागा द्यायला हित्ती लोक तयार होते, हेही खरे.

आता व्यवहाराचे थोडेसे. २०१७ पासून महारेराकडे नोंदणी असल्यावाचून एजंटाला नोंदणीकृत प्रकल्पातील घरे वा प्लॉट विकता येत नाहीत, आणि २०२३ पासून त्यासाठी परीक्षाही आली आहे. पण जुन्या घराची खरेदी, पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या लहान प्रकल्पांतील जागा, गुंठेवारीतला तुकडा यांपर्यंत हा कायदा पोचत नाही. आणि आपली कुटुंबे बहुधा तेथेच जागा पाहत असतात. तेथे साध्या कागदावर चार ओळी लिहून घ्याव्यात: हा माणूस कोणासाठी काम करतो, त्याला कोण आणि किती देणार, विकणाऱ्याकडून काही घेणार असल्यास ते किती. नातेवाईक असला तरी लिहावे. किंबहुना नातेवाईक असला तर नक्कीच लिहावे. दलाली शेकड्याने न ठरवता एकठोक ठरविली तर भाव चढण्यात त्याचा स्वार्थ उरत नाही.

आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत, बाकावर नाव पुकारण्याची वाट पाहताना, विकणाऱ्याशी स्वतः बोलावे. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्राने सप्पीरेला जमिनीच्या किमतीविषयी एकच साधा प्रश्न केला होता: ती एवढ्यालाच विकली का? ती जमीन त्या नवराबायकोचीच होती, पैसाही त्यांचाच होता. मागे ठेवण्यास कोणाची आडकाठी नव्हती. घात झाला तो आकडा लपविल्यामुळे. तोच प्रश्न आपण त्या शेतकऱ्याला, दलाल शेजारी बसलेला असतानाच, करावा: “काका, तुमच्या हातात नेमके किती पडले?” सही त्याचे उत्तर ऐकल्यानंतर करावी.