आज्जाची पूजा अजून संपली नाही का?



या महिन्यात कोणत्याही एका वचनाचे निरूपण न करता आम्ही एका लहान मुलीच्या प्रश्नाचे निरूपण करणार आहोत. हा प्रश्न ऐकला तेव्हा आमच्यापाशी त्याचे उत्तर नव्हते. जे उत्तर आम्ही दिले ते चुकीचे होते, हे आधीच सांगून टाकतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. चिकोडी तालुक्यातील एका गावी मठाचे एक जुने भक्त वारले. वय सत्तरीच्या पुढचे. गावात त्यांचे किराणा मालाचे छोटे दुकान होते. तराजूची दांडी बरोबर झाली तरी वर मूठभर घालायचे, अशी त्यांची ख्याती. त्यांची पाच वर्षांची नात दिवसभर त्या दुकानात त्यांच्या मांडीशी असे. रात्री निजायचीही त्यांच्याच कुशीत.

अंत्यविधीसाठी आम्ही गेलो. आपला विधी तुम्हां सर्वांस ठाऊकच आहे. देहाला स्नान घालतात, विभूती लावतात, रुद्राक्ष घालतात आणि बसवतात. विमानात बसवूनच भजनाच्या गजरात रुद्रभूमीला नेतात. समाधीतही पद्मासनात बसवून डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवतात. मग विभूती, बिल्वपत्रे आणि शेवटी माती. रोज सकाळी पूजेला बसलेले आजोबा जसे दिसत, अगदी तसेच ते त्या दिवशी दिसत होते. मोठ्यांना त्यातून समाधान मिळते. लहान मुलाला मात्र त्यातून काय दिसत असेल, याचा विचार आम्ही तोवर कधी केला नव्हता.

माती लोटायला सुरुवात झाली आणि ती मुलगी आमची छाटी धरून म्हणाली, "स्वामीजी, आज्जाच्या नाकात माती जाईल ना?"

चार बायांनी तिला गप्प केले. आम्ही खाली वाकून म्हणालो, "बाळ, आज्जा शिवाच्या पूजेला बसलेत. त्यांना काही होत नाही." मुलगी गप्प झाली. जमलेल्यांना ते उत्तर आवडले. खरे सांगायचे तर आम्हांलाही आमचे उत्तर आवडले.

दीड महिन्याने एका सोमवारी त्या मुलीची आज्जी तिला घेऊन मठात आली. दर्शन झाल्यावर म्हणाली, "स्वामीजी, ही पोर रोज सकाळी माझी लिंगपूजा झाली की विचारते, 'आज्जी, आज्जाची पूजा अजून संपली नाही का?' रात्री पाऊस आला की उठून बसते, आज्जा भिजतील म्हणते. परवा तर तांब्याभर पाणी घेऊन एकटीच रुद्रभूमीकडे निघाली होती. वाटेत एका शेतकऱ्याने पाहिली म्हणून बरे. काय सांगू हिला?"

आम्ही पुन्हा शास्त्राकडे धावलो. शरणांनी ऐक्याला कापराची उपमा दिली आहे. कापूर अग्नीला मिळाला की कापूर वेगळा आणि अग्नी वेगळा उरत नाही. समोर आरतीचे ताट होते. आम्ही कापूर पेटवून दाखवला आणि म्हणालो, "बघ, तसे आज्जा शिवात मिसळले." मुलीने ज्योतीकडे पाहिले आणि भेदरून विचारले, "म्हणजे आज्जाला पेटवलं?"

आम्ही निरुत्तर झालो. तेव्हा ती आज्जी, जिची शाळा चौथीच्या पुढे गेली नव्हती, तिने नातीला मांडीवर घेतले आणि म्हणाली, "बाळ, आज्जा मेले. मेले म्हणजे त्यांचं काळीज धडधडायचं थांबलं. ते म्हातारे झाले होते, आजारी होते, डॉक्टरांनी औषध दिलं, पण त्यांचं अंग बरं झालं नाही. आता त्यांना श्वास घ्यावा लागत नाही. भूक लागत नाही, तहान लागत नाही, थंडी वाजत नाही, माती टोचत नाही. ते पूजेला बसलेले नाहीत. ते परत येणार नाहीत."

"कधीच नाही?"

"कधीच नाही. मलापण लई आठवण येते."

मुलगी मोठमोठ्याने रडू लागली. आज्जीही रडली. आमच्या मनात आले, हे जरा जास्तच झाले, इतक्या लहान जीवाला असे सांगावे काय? पण थोड्या वेळाने डोळे पुसत मुलीने विचारले, "मग आता त्यांना पाणी नको?" आज्जी म्हणाली, "नको बाळ." मुलीच्या चेहऱ्यावर दुःख होते, पण इतके दिवस तिच्या अंगात भरलेला घोर मात्र उतरलेला आम्हांला दिसला. दीड महिना ते लेकरू आपल्या आज्जाच्या श्वासाची, तहानेची आणि भिजण्याची काळजी एकटे वाहत होते. ते ओझे आमच्या गोड उत्तराने तिच्या डोक्यावर ठेवले होते. आज्जीच्या कडू उत्तराने ते उतरवले.

त्या रात्री आम्हांला सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांची बाळपणीची कथा आठवली. राघवांक कवीने ती आपल्या काव्यात सांगितली आहे आणि आपल्या घराघरांत ती ठाऊक आहे. रानात गुरे राखणाऱ्या बाळ सिद्धरामाला मल्लय्या भेटला. मल्लय्याने हुरडा मागितला, मग पोट जळते म्हणून दही-भात मागितला. बाळ घरी धावला, भात घेऊन आला, तो मल्लय्या नाही. "मल्लय्या, मल्लय्या" करीत तो यात्रेकरूंच्या मागोमाग थेट श्रीशैलाला गेला. तिथे लोकांनी त्याला लिंग दाखवून सांगितले, हाच तुझा मल्लय्या. बाळाने ते मानले नाही. माझ्याशी बोललेला, माझा हुरडा खाल्लेला मल्लय्या कुठे आहे, असे विचारीत तो फिरला आणि शेवटी कड्याच्या टोकाशी जाऊन उभा राहिला. देवाने तिथे त्याला हात दिला, असे कथा सांगते.

ही कथा आपण भक्तीचा महिमा म्हणून ऐकतो, आणि ते योग्यच आहे. पण तिच्यात एक इशाराही आहे. मोठ्यांनी दाखवलेल्या प्रतीकावर लहान मूल समाधान मानत नाही. त्याला त्याचे माणूस हवे असते. 'गेले' म्हटले की ते 'कुठे' म्हणून विचारते आणि शोधायला निघते. सिद्धरामाला कड्यावर हात देणारा भेटला. तांब्या घेऊन निघालेल्या प्रत्येक लेकराला वाटेत शेतकरी भेटेलच असे नाही.

आपण मुलांना काय काय सांगतो ते आठवून पाहा. आज्जा झोपले, असे सांगतो, आणि मूल झोपेला भिऊ लागते. गावाला गेले, असे सांगतो, आणि मूल वाट पाहते, मग आज्जा मला न सांगता गेले म्हणून मनात रुसते. चांगली माणसे देवाला आवडतात म्हणून देवाने नेले, असे सांगतो, आणि मूल चांगले वागायला घाबरते, नाही तर देवावरच रागावते. बालमनाचे अभ्यासक सांगतात की मेलेले माणूस परत येत नाही, त्याच्या देहाची सर्व कामे थांबतात आणि मरण सर्वांनाच आहे, या गोष्टी बहुतेक मुलांना साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान उमगू लागतात. नेमक्या त्याच वयात आपण त्यांच्यासमोर धुके पसरतो.

काही भक्त म्हणतील, 'मेले' हा शब्द कसा वापरावा? आपल्यात 'लिंगैक्य झाले' म्हणतात. यावर आमचे नम्र सांगणे असे की ऐक्य हे षट्स्थलातील सहावे स्थल आहे. भक्त, महेश, प्रसादी, प्राणलिंगी, शरण आणि मग ऐक्य. ती साधनेची परिणती आहे आणि शरणांनी ती जिवंतपणीच साधण्याची गोष्ट मानली. आपण मात्र त्या थोर शब्दाचे मरणावर घालायचे पांघरूण करून टाकले. वृद्धाच्या आदरासाठी तो शब्द जरूर वापरावा. पण ज्याला अजून मरण म्हणजे काय हेच कळलेले नाही, त्याला ऐक्य कसे कळणार? पहिली पायरी चुकवून सहावी चढता येत नाही.

देहाला देऊळ मानणारे महात्मा बसवण्णांचे जे वचन आपण वारंवार म्हणतो, त्यातला क्रम पाहा. स्थावर आणि जंगम यांचा विचार करताना ते आधी मोडणाऱ्याचे मोडणे कबूल करतात. त्यानंतरच न मोडणाऱ्याकडे बोट दाखवतात. पहिले वाक्य गाळून दुसरे सांगितले असते, तर ते सांत्वन झाले असते, सत्य झाले नसते. मुलाशी बोलतानाही हाच क्रम ठेवावा, एवढेच आम्हांला या लेखात सांगायचे आहे. देह थांबला, तो परत चालणार नाही, हे आधी. चैतन्य शिवात मिळाले असे आपण मानतो, हे नंतर, आणि तेही 'आपण असे मानतो' असे म्हणून.

कठोपनिषदातील नचिकेत लहानच होता. मृत्यूचे रहस्य विचारल्यावर यमाने त्याला हत्ती, घोडे, सोने, दीर्घ आयुष्य देऊ केले. ते सर्व त्याने नाकारले. आज रडणाऱ्या मुलाच्या हातात आपण चॉकलेट देतो किंवा मोबाइल देतो. देणे तेच, प्रश्न टाळणेही तेच. फरक इतकाच की यमाने शेवटी उत्तर दिले. आपण देत नाही.

आम्ही हे इतक्या कळकळीने लिहितो याला आणखी एक कारण आहे. आम्ही आठव्या वर्षी मठात आलो. पाठशाळेत असताना गावी आमची आजी वारली. परीक्षा बुडेल म्हणून आम्हांला दोन महिने कोणी सांगितले नाही. सुटीत घरी गेलो तेव्हा तिच्यासाठी प्रसादाची पुडी घेऊन गेलो होतो. ती पुडी हातात घेऊन उंबऱ्यात उभे राहिलेले ते पोर आजही आमच्या आत कुठेतरी उभे आहे. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला होता, याबद्दल शंका नाही. पण ज्या दिवशी घर रडले, त्या दिवशी आम्हांला त्या रडण्यातून वगळले गेले. इतके सोसूनही आम्ही त्या मुलीला खोटेच सांगितले, याचे आम्हांला अधिक वाईट वाटते.

म्हणून घरोघरच्या माता-पित्यांना काही गोष्टी सुचवतो. मुलाला शेजाऱ्यांकडे पाठवून देऊ नका. शरणांनी जनन, मरण, रज, उच्छिष्ट आणि जाती ही पाचही सूतके नाकारली. मरण अपवित्र नाही, मग त्यापासून मुलाला दूर का लपवावे? त्याला यावेसे वाटले तर बोट धरून न्या, आणि तिथे काय होणार ते आधी सांगा. नको म्हटले तर ओढू नका, पाया पडायची सक्ती करू नका. आजोबांना बसवतात ते मानाने निरोप देण्यासाठी, ते जिवंत आहेत म्हणून नव्हे, हे स्पष्ट सांगा. जेवढे विचारील तेवढेच सांगा, पण तेच दहा वेळा विचारले तर दहा वेळा सांगा. मी आज्जाचा चष्मा मोडला म्हणून ते मेले का, असे काहीतरी त्याच्या मनात असते. ते ओठांवर आले नाही तरी तुम्हीच म्हणा, "यात तुझी काही चूक नाही." मूल विचारील, "तूपण मरशील का?" तेव्हा "छे, छे" म्हणू नका. "सगळेच कधीतरी मरतात. पण मी पुष्कळ दिवस तुझ्याजवळ राहीन असे मला वाटते, आणि तुला सांभाळायला घरात सगळे आहेत," असे म्हणा. मुलासमोर डोळे आले तर लपवू नका. आणि कित्येक आठवडे मूल जेवत नसेल, झोपत नसेल, खेळत नसेल, तर अंगारा-दोरा न करता डॉक्टरांना दाखवा.

मग जंगमाचे काय? न मोडणारे ते मुलाला कसे दाखवावे? याचेही उत्तर आम्हांला त्याच घरात मिळाले.

पुढच्या वर्षी त्या गावी गेलो असता त्या घरी गेलो. दुकान आता आज्जी चालवत होती. एक बाई शेंगदाणे घ्यायला आली होती. आज्जीने तोलून दिले. तेवढ्यात ती मुलगी पोत्याशी गेली, आपल्या इवल्या मुठीत मावतील तेवढे दाणे घेऊन तिने त्या बाईच्या पिशवीत टाकले आणि आमच्याकडे वळून म्हणाली, "आज्जा असंच द्यायचे. ते मेले ना, म्हणून आता मी देते."

'मेले' हा शब्द ती किती सहज बोलली! त्यात भीती नव्हती. आणि त्या मुठीत तिच्या आज्जाचे कायक चालत होते, थांबले नव्हते. कापूर पेटवून आम्हांला जे सांगता आले नाही, ते त्या पोरीने आम्हांला सांगितले.

आपल्या घरातील लेकरांशी खरे बोलण्याचे धैर्य आपणां सर्वांस लाभो.

शरणु शरणार्थी.