दोन चाकांचा न्याय

माझे एक स्नेही यवतमाळ येथे राहतात. त्यांच्या तीर्थरूपांनी मोठ्या हौसेने घेतलेली ‘एम. जी. बी.’ या नावाची दोन आसनांची इंग्रजी मोटार त्यांच्या संग्रही आहे. १९६२ पासून १९८० पर्यंत अशा गाड्या पाच लाखांहून अधिक तयार झाल्या. तेव्हा ते काही दुर्मिळ रत्न नव्हे. परंतु वडिलांची गाडी जगात एकच असते. ती घेऊन हौशी चालकांच्या शर्यतींत उतरावे, चेन्नईजवळच्या किंवा कोइंबतूरजवळच्या धावमार्गावर घड्याळाशी स्पर्धा करावी, अशी इच्छा या गृहस्थांना उत्तरवयात झाली. आणि त्यासाठी गाडीच्या मागील आसातील ‘डिफरन्शियल’ बदलावयाचे त्यांनी ठरविले. गेल्या पावसाळ्यात मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा तो जुना दंतचक्रांचा गोळा तेलाने माखलेल्या स्थितीत फळीवर उघडा पडला होता. त्याच्याकडे पाहता पाहता आमचा वाद जुंपला. तो यंत्राविषयी सुरू झाला आणि न्यायाविषयी येऊन थांबला. म्हणूनच वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

एका आसावरची दोन चाके वळणावर सारखे अंतर कापीत नाहीत. बाहेरच्या चाकाला अधिक धाव घ्यावी लागते, आतल्याला कमी. आपल्या बैलगाडीला ही अडचण कधी भासली नाही. तिची चाके आसाच्या टोकांवर मोकळी फिरतात, आणि बैल ओढतात ते गाडीला. चाकाला कोणी फिरवीत नाही. विदर्भातील शंकरपटात धावणारा हलका छकडा घ्या. २०१४ च्या बंदीनंतर आणि २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर तो पुन्हा राजरोस धावू लागला आहे. त्याच्या दोन चाकांत वाटणीचा तंटा संभवत नाही, कारण वाटण्यासारखे त्यांच्याकडे काहीच नसते. याउलट, यवतमाळहून मूर्तिजापुरास जाणारी अडीच फुटी रुळांची ‘शकुंतला’ आठवावी. १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनाने ओढलेली ती गाडी आता थांबली आहे. आगगाडीची दोन्ही चाके एकाच आसावर घट्ट ठोकलेली असतात. मात्र त्यांची धाव किंचित निमुळती घडविलेली असते, म्हणून वळणावर बाहेरचे चाक आपोआप मोठ्या घेरावर चालते. तेथे स्वातंत्र्य नाही, पण रूळ सांभाळून नेतो.

मोटारीस ना बैल, ना रूळ. तिच्यात इंजिन थेट चाकांनाच फिरविते, आणि म्हणूनच वाटणीचा प्रश्न जन्मास येतो. फ्रान्समधील ओनेसिफोर पेक्वर याने १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी त्याचे उत्तर काढले. मधल्या लहान दंतचक्रांच्या योगाने दोन्ही चाकांना सारखाच जोर मिळतो, पण किती वेगाने फिरावे हे ज्याचे त्याने ठरवावे. समता आणि स्वातंत्र्य या दोन्ही देवतांची एकाच डबीत स्थापना करणारी ही रचना पाहून कोणाही सुजाण माणसास आनंद व्हावा.

परंतु या समतेत एक मर्म आहे. दोघांना सारखेच द्यावयाचे, तर जो कमी पेलू शकतो त्याच्याहून अधिक दुसऱ्यालाही देता येत नाही. काळ्या जमिनीच्या पांदणीत पावसाळ्यात मोटार घातलेल्या प्रत्येकाला याचा अनुभव आहे. एक चाक चिखलात, दुसरे खडकावर. चिखलातले चाक दुप्पट वेगाने गरगर फिरते, चिखल उडविते आणि अधिकाधिक रुतते. खडकावरचे चाक मात्र पाहुण्यासारखे स्वस्थ उभे असते. त्याच्या अंगी सामर्थ्य असते, पायाखाली भूमी असते. परंतु सोबत्याला जेवढे पेलते तेवढेच त्याच्या वाट्याला येते. शर्यतीत चिखल नसला तरी प्रकार तोच. वळणावर गाडीचा भार बाहेर झुकतो, आतले चाक हलके होते आणि व्यर्थ फिरू लागते.

यावर पहिला उपाय राकट आहे. दोन्ही चाके एकमेकांस जखडून टाकावी. ट्रॅक्टरवाला चिखलात पायाने खटका दाबून हेच करतो, आणि काही शर्यतबाज ती लहान दंतचक्रे जोडकामाने कायमची बंद करतात. सरळ रस्त्यावर याचा लाभ निर्विवाद आहे. वळणावर मात्र आतल्या चाकाला बाहेरच्याच गतीने फिरावे लागते. ते घासते, टायर झिजतो, आसावर ताण येतो आणि गाडी वळावयास नाखूश होते. समता गेली आणि एकरूपता आली. या दोहोंत भेद आहे हे ज्या राष्ट्रांनी ओळखले नाही, त्यांचीही वळणावर हीच गत झालेली इतिहासात दिसते.

दुसरा उपाय मध्यम मार्गाचा: चाकांना वेगळे फिरू द्यावे, पण मर्यादेत. याचे दोन प्रकार प्रचलित आहेत. एकात चकत्यांची चळत स्प्रिंगने दाबून धरलेली असते. तिच्या घर्षणामुळे आतले चाक हवेत उचलले गेले तरी दुसऱ्यास काही जोर पोचतोच. पण चकत्या झिजतात, गुरगुरतात आणि वरचेवर निगा मागतात. दुसरा प्रकार तिरप्या दातांच्या चक्रांचा. अमेरिकेतील व्हर्नन ग्लीसमन याने १९५८ मध्ये शोधलेले यंत्र याच कुळातले. त्यात समर्थ चाकाला दुर्बळ चाकाच्या काही पट जोर मिळतो. समजा, तो गुणक तीन आहे आणि दुर्बळ चाक दहा भाग जोर पेलते; तर समर्थाला तीस मिळतात आणि गाडीला एकूण चाळीस. जुन्या समतेत दहा आणि दहा मिळून वीसच होत होते. हे यंत्र शांत, टिकाऊ आणि रस्त्यावरही सोयीचे. स्नेह्यांचा ओढा याच्याकडेच होता.

“यालाच मी न्याय म्हणतो,” ते म्हणाले. “समर्थाला त्याच्या योग्यतेप्रमाणे मिळाले, आणि दुर्बळाचेही काही काढून घेतले नाही.”

मी विचारले, “आणि दुर्बळ चाकाची पकड शून्य झाली तर?”

ते हसले. शून्याला तिनाने गुणले काय नि तीसाने गुणले काय! आतले चाक जमिनीवरून उचलले गेले की हे सुरेख यंत्रही समर्थ चाकाला जवळजवळ काहीच देत नाही.

तेव्हा मी त्यांना त्यांच्याच जिल्ह्याची एक गोष्ट आठवून दिली. २००८ साली केंद्र सरकारने शेतकऱ्यांची कर्जमाफी जाहीर केली. दोन हेक्टरांपर्यंत जमीन असणाऱ्यांना थकलेले कर्ज पूर्ण माफ झाले. त्या योजनेने असंख्य लहान कुटुंबांना दिलासा दिला हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. त्याहून अधिक जमीन असणाऱ्यास मात्र चतुर्थांश सूट होती. यवतमाळसारख्या जिल्ह्यांत पंचवीस टक्के किंवा वीस हजार रुपये, यांपैकी जे अधिक असेल ते. पण उरलेली रक्कम त्याने स्वतः भरली तर. कालव्याच्या पाण्यावर पाच एकरांचा धनी सुखी असू शकतो. पावसाच्या भरवशावरचे सात-आठ एकर कापसाचे रान कागदावर मोठे आणि घरात रिकामे असते. ज्याच्यापाशी भरण्यास काहीच नव्हते, त्याच्यासाठी ती सूट म्हणजे शून्याचा गुणाकारच होय. नियम करणाऱ्याच्या मनात दुष्टावा नव्हता. आधार थोडातरी असेलच, हे त्याने गृहीत धरले होते.

आम्ही दोघेही काही वेळ गप्प राहिलो. मग इतका वेळ खाली मान घालून क्राउन-पिनियन पुसत बसलेले वृद्ध मिस्त्री म्हणाले, “साहेब, चाक उचललंच जाऊ दिलं नाही तर? पुढचा आडवा दांडा जाड बसवू. पुढची बाजू जास्त भार घेईल आणि मागचं आतलं चाक जमीन सोडणार नाही. पांदणीत गाडी रुतली की आपण इंजिनाशी भांडत बसतो का? चाकाखाली पऱ्हाट्या टाकतो.”

आमच्या तासाभराच्या वादाची उणीव या चार वाक्यांत उघडी पडली. आम्ही दोघेही वाटणीचाच विचार करीत होतो: सारखे द्यावे की योग्यतेनुसार द्यावे? मिस्त्रींनी विचार केला तो पायाखालच्या भूमीचा. कोणतीही वाटणी, मग ती कितीही सूक्ष्म बुद्धीने केलेली असो, आधाराची जागा घेऊ शकत नाही. आणि आधार असला, तर सामान्य वाटणीनेही गाडी पुष्कळ पुढे जाते.

माणसे म्हणजे चाके नव्हेत, हा आक्षेप मला मान्य आहे. चाकाला लाज वाटत नाही, चाकाला मुलेबाळे नसतात. दृष्टांत ओढून ताणून सिद्धांत करू नये. तरीही या दृष्टांतातील दोन गोष्टी मला सोडवत नाहीत. एक ही की, दुर्बळ चाकाला जमिनीवर टेकविणे हा समर्थ चाकाने केलेला दानधर्म नव्हे; सोबत्याची पकड शून्य असेपर्यंत त्याचे स्वतःचे सामर्थ्यही बंदिस्तच असते. दुसरी ही की, दुर्बळ चाक असे कोणतेही एक चाक नाही. डाव्या वळणावर डावे चाक हलके होते, उजव्या वळणावर उजवे. आज खडकावर उभ्या असलेल्याने पुढच्या वळणाची आठवण ठेवलेली बरी. पावसावर जगणाऱ्या मुलखात तर हे निराळे सांगावयास नकोच.

स्नेह्यांनी तिरप्या दातांचे यंत्र बसवून घेतले आणि पुढचा दांडाही जाड केला. जुना गोळा त्यांनी मोडीत घातला नाही. तेलाच्या फडक्यात गुंडाळून, वडिलांच्या हातची नोंदवही सोबत ठेवून, पेटीत बंद केला. पुढचे सर्व वेळ त्यांना घड्याळाशी झुंजण्यात जावो, अशी माझी सदिच्छा आहे. मी मात्र आता कोणतीही नवी योजना वर्तमानपत्रात वाचली की ती कोणाला किती देते हे पाहण्याआधी एक प्रश्न विचारतो: ज्याचे चाक आज हवेत आहे, त्याच्यापर्यंत ही पोचेल काय?