तीन कागद

दादा जाऊन दोन महिने झाले, तेव्हां त्यांचें कपाट आवरण्यासाठीं मी पेणहून रोह्यास गेलों होतों. लग्नपत्रिका, विजेचीं बिलें आणि शेताचे उतारे यांच्या गर्दींत एक प्लास्टिकची पिशवी सांपडली. तींत त्यांच्या रक्ततपासणीचे तीन कागद होते. २०१६, २०१९ व २०२२ या सालांचे. तिन्ही निरनिराळ्या प्रयोगशाळांचे. एकावर पूर्ण नांव, दुसऱ्यावर नुसतीं आद्याक्षरें, तिसऱ्यावर आडनांवाचें स्पेलिंग चुकलेलें. क्रिएटिनिन या पदार्थाचा आंकडा मात्र तिन्हींवर स्पष्ट होता : ०.८, १.०, १.३. शेजारीं छापलें होतें कीं निरोगी पुरुषांत हा आंकडा ०.७ पासून १.३ पर्यंत असतो. म्हणजे तिन्ही कागदांनीं दादांस निरोगीपणाचा दाखला दिला होता. आणि २०२४ च्या आरंभीं त्यांचे पाय सुजले, तेव्हां मूत्रपिंडांचें काम जवळजवळ थांबलेलें होतें.

मी तर्कशास्त्र शिकवितों. 'निरोगी माणसाची मर्यादा' हे शब्द कोठून येतात हें मला ठाऊक असावयास पाहिजे होतें. पुष्कळशा निरोगी माणसांचें रक्त तपासून त्यांचे आंकडे ओळीनें मांडतात, आणि दोन्ही टोकांचे थोडे वगळून मधले शेंकडा ९५ ज्या पट्ट्यांत बसतात त्यास ही मर्यादा म्हणतात. अर्थात् शंभरांतले पांच धडधाकट लोक तींतून बाहेर पडतात. आणि ज्याचा स्वतःचा पूर्वीचा आंकडा लहान होता असा मनुष्य बराच आजारी होऊनहि आंतच राहूं शकतो. क्रिएटिनिनचें प्रमाण मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या शक्तीच्या साधारणपणें व्यस्त असतें. ०.८ चे १.३ झाले याचा अर्थ, यंत्रायंत्रांतला फरक सोडला तरी, ती शक्ति सुमारें दोन-पंचमांशांनीं घटली. मर्यादा समुदायाची होती, मूत्रपिंडें दादांचीं होतीं. सामान्य विधानावरून विशेषाकडे येतांना काय सांडतें, हें मी दरवर्षी जून महिन्यांत मुलांस धूर आणि अग्नि यांचे दाखले देऊन सांगत आलों आहें.

येथें दोष कोणाचा? प्रयोगशाळांनीं आंकडे बरोबर दिले. ज्या डॉक्टरांनीं ते पाहिले, त्यांच्यापुढें त्या त्या दिवशीं एकच कागद होता. गुडघ्यांवर इलाज करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांपुढें तर एकहि नव्हता. त्यांनीं दिलेल्या वेदनाशामक गोळ्या दादा वर्षानुवर्षें घेत राहिले, आणि या गोळ्या दुबळ्या मूत्रपिंडांस बाधतात ही कांहीं गुप्त विद्या नव्हे. न कळण्याचे दोन प्रकार आहेत. कांहीं गोष्टी कळण्यासारख्याच नसतात. त्यांच्याविषयीं मनुष्य निर्दोष. पण जी गोष्ट तीन कागदांवर लिहिलेली होती आणि कागद शेजारीं शेजारीं ठेवण्यापलीकडे जी कळण्यास दुसरें कांहीं लागत नव्हतें, तिच्या अज्ञानास कोणत्या सदरांत घालावयाचें? चौघांनीं थोडथोडें जाणावें आणि सगळें कोणींच जाणूं नये, अशी ही व्यवस्था आहे. तींत कोणी खोटें बोलत नाहीं, आणि एक मनुष्य मरतो.

२०२२ चा कागद मींच आणला होता. मर्यादेबाहेरचे आंकडे ठळक छापतात, एवढें मला माहीत होतें. प्रयोगशाळेच्या पायऱ्या उतरतां उतरतां ठळक कांहीं दिसत नाहीं हें पाहिलें, आणि फोन करून सांगितलें, "दादा, सगळें ठीक आहे."

वेळेवर कळलें असतें तर ते वांचलेच असते असें मी म्हणत नाहीं. रक्तदाब व साखर अधिक काटेकोरपणें संभाळली असती, त्या गोळ्या सुटल्या असत्या; कदाचित् कांहीं वर्षें मिळालीं असतीं.

याउलट एक उदाहरण आमच्याच जिल्ह्यांतलें आहे. जिल्ह्याचें नांव कुलाबा होतें तेव्हां, १९७६ सालीं, महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्यकेंद्रांत डॉ. हिंमतराव बावस्कर हे तरुण डॉक्टर आले. लाल विंचवाच्या दंशानें माणसें, विशेषतः मुलें, दगावत. मोठी प्रयोगशाळा हाताशीं नव्हती. ते रुग्णाच्या उशाशीं रात्ररात्र बसले, नाडी, रक्तदाब व श्वास यांच्या नोंदी ठेविल्या, आणि एकाची नोंद दुसऱ्याच्या नोंदीशेजारीं मांडली. तेव्हां दिसलें कीं मृत्यु हृदयाच्या वाटेनें व फुप्फुसांत पाणी भरून येतो. रक्तदाबावरचें प्राझोसिन हें औषध त्यांनीं योजिलें. जेथें शेंकडा २५-३० रुग्ण जात तेथें शेंकडा एकाहूनहि कमी जाऊं लागले, असा त्यांचा हिशेब आहे. 'लॅन्सेट'नें हें काम छापलें. आमच्यापाशीं आज यंत्रें आहेत, त्यांच्यापाशीं तेव्हां वही होती.

तपासण्या वाढविल्या म्हणजे झालें, असा अर्थ कोणी काढूं नये. २०१३ सालीं याच बावस्करांस एका तपासणी-केंद्रानें रुग्ण पाठविल्याबद्दल १२०० रुपयांचा धनादेश धाडला. त्यांनीं तो परत केला आणि वैद्यक परिषदेकडे तक्रार नेली. ज्या कागदाच्या जन्मालाच दलालीचा वास येतो, तो पुढें नीट कोण वाचणार? शिवाय कागदाच्या 'नाहीं'लाहि तिथि असते. भातलावणीच्या दिवसांत खारेपाटांतला एखादा शेतकरी ताप आणि दुखऱ्या पोटऱ्या घेऊन येतो. लेप्टोची परीक्षा पहिल्या चार-पांच दिवसांत नकारार्थी येऊं शकते, कारण शरीरानें प्रतिपिंडें बनविलेलींच नसतात. त्या कागदावर विसंबून औषध लांबविणारा डॉक्टर आंकडा वाचतो, पण तारीख वाचीत नाहीं.

सरकारनें २०२१ पासून चौदा अंकी आरोग्यक्रमांकाची योजना देशभर लागू केली आहे. सर्व कागद एका ठिकाणीं यावेत हा तिचा हेतु. कोणाचें गुपित कोणाच्या हातीं पडेल, ही तिच्याबद्दलची शंका रास्त आहे. परंतु कागद एकत्र येणें निराळें आणि ते कोणीतरी पाहणें निराळें. प्लास्टिकच्या पिशवींतहि ते एकत्रच होते.

वहिनींस मधुमेह आहे. त्यांचे सात वर्षांतले कागद मीं जमविले आणि एका आंखलेल्या तावावर तारीखवार उतरून काढले. गेल्या महिन्यांत तो ताव घेऊन आम्ही रोह्यांतल्या एका तरुण डॉक्टरबाईंकडे गेलों. बाहेर वीस-पंचवीस माणसें बसलेलीं होतीं. तरी त्यांनीं ताव उजेडाकडे धरून सावकाश वाचला, आणि तीन महिन्यांच्या साखरेच्या रकान्यांत २०२१ वर पेन टेकवून विचारलें, "आजी, या वर्षीं मध्येंच एवढी कशी वाढली?"

वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "त्या वर्षीं दुकान बंद होतें. मी गोळ्या अर्ध्याच घेत होतें."

हें दादांसहि ठाऊक नव्हतें.