मातीतील अशक्त अवयव

शास्त्रपाठ : उत्पत्ती 2:15, 1 करिंथ 12:14-26



गोव्यातील पेडणे तालुक्यात भातकापणी आटोपली की उरलेल्या ओलीवर अळसांदे पेरतात. हे कडधान्य चवळीच्याच जातीचे. त्याचे एक रोप मुळांसकट हळूच उपटून पाहा. मुळांना बारीक गाठी दिसतील. गाठ नखाने फोडली आणि आत तांबूस रंग निघाला, तर समजावे की तेथील जीवाणू हवेतील नत्र धरून रोपाला पुरवीत आहेत. (रविवार शाळेच्या शिक्षकांनी हे मुलांना प्रत्यक्षच दाखवावे.)

जीवाणूंची सोबतीण बुरशी. बुरशी म्हटली की आपल्याला नासलेली भाकरी आठवते! पण जांभ्याच्या आम्ल मातीत लोह स्फुरदाला घट्ट धरून बसते, मुळांना तो सहज मिळत नाही. मुळांत वस्तीला आलेली बुरशी आपले केसाहून बारीक धागे दूरवर पसरून तो आणून देते व मोबदल्यात झाडाकडून साखर घेते. रानात बुरशीचा वरचष्मा, नांगरलेल्या शेतात जीवाणूंचा. हे प्रमाण जागेप्रमाणे बदलते; परंतु एकाचा मागमूसच उरला नाही, तर ती जमीन आजारी जाणावी. वारंवार नांगरल्याने धागे तुटतात. रासायनिक स्फुरद सढळ हाताने घातला, तर झाडच बुरशीला विचारीनासे होते.

शेजारच्या डिचोलीत लोहखनिजासाठी वरची माती काढून टाकाऊ मुरमाचे डोंगर रचले गेले. 2012 साली खाणी थांबल्या, फिरून सुरू झाल्या, मार्च 2018 मध्ये पुन्हा थांबल्या. लिलावानंतर 2024 पासून काही पुन्हा चालू होत आहेत. खाण हवी की नको, यावर आपण हिरिरीने वाद घालतो, आणि पोटाचा प्रश्न असलेल्यांनी तो घालावाच. पण काढलेल्या मातीचे काय झाले, हे कोण विचारतो? ती वर्षानुवर्षे ढिगात पडून राहिली, की तिच्यातील बुरशी मरत जाते. ढिगांवर आकेशिया लावला म्हणजे डोंगर हिरवा दिसतो. हिरवा दिसणे वेगळे आणि माती जिवंत होणे वेगळे.

देवाने आदामाला मशागत सांगितली, तशीच राखणही सांगितली. पहिले काम आपण उत्साहाने केले. पौल म्हणतो, शरीराचे जे अवयव दुबळे वाटतात त्यांच्यावाचून चालतच नाही. आपल्या मंडळीतही सतरंज्या घालणारी, आजाऱ्याला पेज नेऊन देणारी माणसे अहवालात कुठे असतात?

गोवा विद्यापीठातील संशोधकांनी खाणींच्या उजाड जागी आपोआप उगवलेल्या झाडांची मुळे तपासली. पुष्कळांत ती बुरशी पुन्हा वस्तीला आलेली आढळली. कोणी लावली नव्हती.