वरच्या दोन मांदेल्या

मुरुडच्या बाजारात कोळीण मासळीचे वाटे मांडून बसते. भाव सांगते, आपण कमी करून मागतो, ती नाक मुरडते आणि सौदा जमला की टोपलीत हात घालून वाट्यावर दोन मांदेल्या जास्तीच्या टाकते. या दोन मांदेल्यांसाठीच गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्यापुढे उभे राहते. देणारीने खुशीने दिले, घेणाऱ्याने खुशीने घेतले. त्यात कोणाला काही वावगे वाटल्याचे आम्हाला आठवत नाही.

मात्र शेजारणीने पैसे देऊन वाटा आणायला पाठवले असेल, तर वरच्या दोन मांदेल्या कोणाच्या? आमच्या आईच्या लेखी हा प्रश्नच नव्हता. पैसे शेजारणीचे, म्हणून मासळीही शेजारणीची. पिशवी उघडूनसुद्धा न पाहता तिच्या दारात पोचवायची, एवढेच आमचे काम.

ही गोष्ट सातव्या वर्षी समजली होती. पन्नाशी उलटल्यावर आम्ही ती विसरलो, त्याची ही हकीकत.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले. मुरुड, श्रीवर्धन भागातील नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. घरांवरचे पत्रे उडाले, वीज गेली. वरून कोरोनाची टाळेबंदी. मुंबई-मुंब्र्याकडच्या मुरुडकरांनी पैसे गोळा केले. त्यातले पन्नास हजार रुपये आमच्याकडे आले, कारण आम्ही पनवेलला राहतो आणि फोनवरून खरेदी करणे आम्हाला जमते. ताडपत्र्या आणि सौर दिवे घेऊन टेम्पोने गावी पाठवायचे होते.

खरेदीतील खाचाखोचा आम्हाला ठाऊक होत्या. अनेक दुकानांत चालणारी गिफ्ट कार्डे मिळतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे एक कार्ड दहा हजारांपेक्षा मोठे नसते, त्याची मुदत किमान एक वर्षाची असते आणि त्यातले पैसे रोख काढता येत नाहीत. त्या आठवड्यात ही कार्डे चार टक्के सवलतीने मिळत होती. आम्ही दहा हजारांची पाच कार्डे ४८,००० रुपयांना घेतली. ते पैसे आमच्या क्रेडिट कार्डावरून भरले, त्यावर एक टक्का म्हणजे ४८० रुपये कॅशबॅक आमच्या खात्यात जमा झाले. मग गिफ्ट कार्डांवर माल घेतला. म्हणजे वरच्यावर २,४८० रुपये सुटले, आणि सुटले ते आमच्याकडे.

मालाची बिले ४९,३८० रुपयांची झाली. एका कार्डात ६२० रुपये उरले. गावी हिशेब पाठवताना आम्ही प्रामाणिकपणे शेवटची ओळ लिहिली : 'कार्डात अडकले, रु. ६२०.'

जमातीचा हिशेब पाहणारे चाचा वयाने सत्तरीच्या पुढचे. त्यांनी फोन केला. "बेटा, हे कार्ड कसले?" आम्ही समजावून सांगितले. सवलतीचेही सांगितले, थोड्या फुशारकीनेच. चाचा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अडकलेले ६२० जमातीच्या नावावर लिहिलेस. सुटलेले २,४८० कोणाच्या नावावर लिहिलेस?"

तोटा जमातीचा आणि नफा आमचा. आम्ही चोरी केली नव्हती, खोटे बिल लावले नव्हते. पण हिशेबाचा कागद बोलत होता.

त्या रात्री आम्ही स्वतःची वकिली पुष्कळ केली. पन्नास हजार आले, पन्नास हजारांच्या मालाची सोय झाली, मग कोणाचे काय गेले? अक्कल आमची, धावपळ आमची, कार्ड आमचे. या म्हणण्यात काहीच तथ्य नाही असे आम्ही आजही म्हणणार नाही. श्रमाला मोल असते. पण पाचपैकी एखादे कार्ड चाललेच नसते, तर ते दहा हजार आम्ही खिशातून भरले असते काय? नसते भरले. 'अडकले' असेच लिहिले असते. ज्याच्या माथी जोखीम, त्याचाच नफा, हा आपल्या फिकहमधला जुना नियम आहे. जोखीम परक्याच्या पैशांवर टाकून नफ्याला मात्र आपले नाव लावणे, हे त्या नियमात बसत नाही.

हदीसमध्ये इब्नुल लुतबिय्या यांचा प्रसंग आहे. जकात गोळा करायला गेलेले हे गृहस्थ परतल्यावर म्हणाले की, हा भाग तुमचा आणि हा मला भेट मिळालेला. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यावर विचारले ते असे, की हा माणूस आपल्या आईबापांच्या घरी बसून राहिला असता तर ही भेट त्याच्याकडे चालत आली असती का? तोच प्रश्न आम्ही स्वतःला घातला. मुरुडकरांचे पन्नास हजार हातात नसते, तर ते २,४८० आमच्या दारी आले असते का?

आणि ही भेट तरी येते कुठून? कोळिणीच्या मांदेल्या तिच्याच टोपलीतून येतात, हे डोळ्यांना दिसते. कॅशबॅकचा हात दिसत नाही. दुकानदाराकडून कापलेले शुल्क, वेळेवर बिल न भरू शकणाऱ्याने मोजलेले व्याज, कोणाच्या तरी कपाटात मुदत संपून गेलेले कार्ड, यांतूनही ती बक्षिसी निघते. स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या गरजेसाठी खरेदी करताना सवलत घ्यावी. काटकसर हा दोष नाही. पण त्या पैशाला 'फुकटचा' म्हणताना जीभ थोडी अडखळावी.

आम्ही ते पैसे परत केले. कार्डातल्या ६२० रुपयांच्या बॅटऱ्या घेऊन तीही ओळ बदलली. चाचा तेव्हा जे म्हणाले ते मात्र आम्हाला अजून पुरते आहे. "तुला मेहनताना हवा होता तर मागायचा होतास. जमातीने खुशीने दिला असता. मागून घेतले की हक्क, न सांगता ठेवले की खियानत. रक्कम तीच असते, बेटा."

आज मुरुडमध्ये म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी, दुबई-कुवेतला असलेल्यांच्या घरच्यांसाठी फोनवरून वस्तू मागवून देणारी पोरे गल्लोगल्ली आहेत. खालाला वाटते, मिक्सर तीन हजारांना पडला. दीडशे रुपये परत आलेले तिला दिसत नाहीत. ते पोराने ठेवावेत की द्यावेत, हे त्या दोघांनी ठरवावे, खाला बहुधा हसून म्हणेल, "राहू दे तुलाच." पण तिला तसे म्हणण्याची संधी मिळाली पाहिजे. पिशवी तिच्या दारात जशीच्या तशी पोचली, तरच ती त्यातल्या दोन मांदेल्या काढून आपल्या हाताने पोराला देऊ शकते.