क्षेत्राची मोजणी आणि क्षेत्रज्ञ

मुलांच्या वर्तनाची व मनःस्वास्थ्याची प्रश्नावलीच्या साहाय्याने तपासणी करणे हा आज पालक, शिक्षक आणि डॉक्टर यांच्या नित्याच्या व्यवहाराचा भाग झाला असला, तरी त्या व्यवहाराकडे थोडे थांबून पाहणाऱ्याला एक पुरातन प्रश्न सामोरा आल्यावाचून राहत नाही. ज्याला आपण आपले मूल म्हणतो ते मोजता येते काय, आणि येत नसेल तर मग या कागदांवर मोजले जाते ते काय?

१९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी आपली बुद्धिमापनश्रेणी तयार केली, ती वर्गात मागे पडणाऱ्या मुलांना निराळ्या शिक्षणाची गरज आहे की काय हे वेळीच ओळखावे एवढ्याच माफक हेतूने. बुद्धी ही जन्मतः ठरलेली, कधीही न वाढणारी राशी आहे, या मताचा बिनेने निषेधच केला होता. पण तीच श्रेणी अमेरिकेत पोहोचल्यावर हेन्री गॉडार्ड यांच्या हाती माणसांच्या कायमच्या प्रतवारीचे साधन झाली, आणि एलिस बेटावर उतरणाऱ्या परदेशी स्थलांतरितांवरही तिचे शिक्के बसू लागले. ओळखण्यासाठी काढलेली खूण अशी निवाडा होऊन बसली. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी मराठी व कानडी मुलांसाठी त्या श्रेणीचे रूपांतर केले आणि ते पुढे दीर्घकाळ वापरात राहिले. त्यामुळे हा प्रश्न परक्यांचा आहे असे म्हणून आपल्यालाही सुटका नाही.

हल्लीच्या प्रश्नावल्यांपैकी रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेली एक जगभर वापरली जाते. तीत २५ विधाने असून प्रत्येकापुढे खरे नाही, काहीसे खरे, अगदी खरे अशी तीन घरे असतात. रुग्णालयाच्या बाकावर बसून ती भरणारी आई पाहावी: मूल अस्वस्थ असते काय, एकटे राहते काय, या प्रश्नांवर तिची लेखणी झरझर चालते; परंतु दुसऱ्याच्या भावनांची ते कदर करते काय, या विधानापाशी ती थबकते, मुलाकडे एकवार पाहते, आणि मग मनावरचे ओझे उतरल्यासारखी शेवटच्या घरात खूण करते. आता त्या प्रश्नावलीची रचना पाहा. अडचणींचे चार गट आहेत आणि त्यांचीच बेरीज होते. सौजन्याचा पाचवा गट त्या बेरजेत धरला जात नाही, तो स्वतंत्र ठेवला जातो. मुलाच्या चांगुलपणातून त्याच्या दुःखाची वजाबाकी करू नये, आणि त्याच्या दुःखाने त्याचा चांगुलपणा झाकला जाऊ नये, असा विवेक त्या योजनेत मला दिसतो.

गीतेच्या तेराव्या अध्यायात इच्छा, द्वेष, सुख, दुःख आणि धृती यांची गणना क्षेत्रात, म्हणजे देहात, केली आहे, आणि त्या सर्वांना जाणणाऱ्या क्षेत्रज्ञाला, म्हणजे आत्म्याला, क्षेत्राहून निराळे मानले आहे. या विवेकाच्या प्रकाशात आपल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट होते. मुलाची भीती, चिडचीड, चंचलता, उदासीनता ही सारी क्षेत्रातली आहेत. ती पाहता येतात, नोंदता येतात, मोजताही येतात. ज्याला ती भीती वाटते तो मात्र कोणत्याही तक्त्याच्या रकान्यात मावत नाही. जमिनीची मोजणी होते, मगदुराप्रमाणे प्रतवारी लागते, दफ्तरी आकार नोंदला जातो. पण त्यावरून कोणी कुळाची किंमत ठरवीत नाही, आणि जुन्या मुंबई इलाख्यात तर ती जमाबंदीसुद्धा तीस वर्षांनी फेरतपासणीस येत असे. मुलाचे मन तर तीस आठवड्यांतही पालटते. मग त्याच्यासंबंधीचा अहवाल कायमचा मानण्यास आधार कोणता?

मोजणारा एकच नसतो, हेही ध्यानात घ्यावे लागते. थॉमस आखेनबाख व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली ११९ अभ्यासांचे एकत्र परिशीलन केले, तेव्हा आईबापांसारख्या समान भूमिकेतल्या दोघांच्या मतांतील सहसंबंध सरासरी ०.६० भरला; पालक आणि शिक्षक अशा भिन्न भूमिकांतील व्यक्तींच्या बाबतीत तो ०.२८ वर आला. आणि मुलाचे स्वतःचे कथन व इतरांचे कथन यांच्यात अवघा ०.२२ उरला. यात कोणी खोटे बोलत होते असे समजण्याचे कारण नाही. वर्गात गप्प बसणारे मूल घरी आक्रंदत असेल, आणि त्याचे जे दुःख ना घराला ठाऊक ना शाळेला, ते केवळ त्यालाच ठाऊक असेल. प्रत्येक विधान एका अपेक्षेने सत्य असते, हा जैन तत्त्वज्ञांचा अनेकान्तवाद इथे पूर्णपणे लागू पडतो. आणि म्हणूनच ११ वर्षांवरील मुलाच्या हाती त्याची स्वतःची प्रश्नावली देणे हा नुसता सोपस्कार नसून न्याय आहे.

परंतु आत्मा मोजता येत नाही म्हणून तपासणीच नको, असे म्हणणारे गृहस्थ दुसऱ्या टोकाचा प्रमाद करतात. कोणी प्रारब्धाकडे बोट दाखवितो, कोणी वयाबरोबर सारे निवळेल म्हणतो, आणि लोक काय म्हणतील या धाकाने पुष्कळजण गप्प राहतात. मानसिक विकारांपैकी एकतृतीयांशांचा आरंभ वयाच्या चौदाव्या वर्षापूर्वी होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगत असताना हे मौन मुलाला महागात पडते. शिवाय वर्तनावरून मन ओळखणे आपल्या परंपरेला परके नाही. ज्ञानेश्वरांनी त्याच तेराव्या अध्यायावर लिहिताना अहिंसा मनात मुरली आहे की नाही हे माणसाच्या चालण्यावरून, पाहण्यावरून, बोलण्यावरून, हातांच्या हालचालीवरून कसे उमगते, याचे किती विस्ताराने वर्णन केले आहे! त्या निरीक्षणात बारकाव्याची कमतरता नाही. पण ते सारे प्रेमाने केलेले निरीक्षण आहे.

म्हणून खरा भेद मोजण्यात आणि न मोजण्यात नाही. मोजल्यानंतर आपण काय करतो यात आहे. स्वमग्नतेच्या भारतीय मापनश्रेणीत ७० गुणांपासून सौम्य स्वमग्नता धरली जाते. ६९ गुणांच्या मुलाचे आणि ७० गुणांच्या मुलाचे जीवन त्या एका अंकाने निराळे होत नाही, निराळी होते ती त्यांना मिळणारी मदत. ती रेषा शासनाला हवी असते, कारण सवलत आणि दाखला कोठेतरी सुरू व्हावा लागतो. पण घराने ती रेषा मुलाच्या कपाळावर ओढू नये. अहवालात पुढील तपासणीची तारीख असावी, त्यातला मजकूर मुलाला त्याच्या समजुतीप्रमाणे सांगितला जावा, आणि त्यातून निघालेले प्रत्येक अनुमान कोणत्या तरी साहाय्यात परिणत व्हावे. ज्या तपासणीनंतर मुलाला मदत मिळत नाही, केवळ नाव मिळते, ती तपासणी शास्त्राच्या दृष्टीने अपुरी आणि धर्माच्या दृष्टीने सदोष आहे.