मुरलेल्यांचं पदार्पण

पहिल्या अल्बममध्ये थोडा उतावळेपणा चालतो, किंबहुना तो हवाच असतो. मनात साठलेलं सगळं एकाच बैठकीत सांगून टाकायचं असतं. १९९१ साली ‘फोरप्ले’ या जॅझ चौकडीचा त्याच नावाचा पहिला अल्बम आला, त्यात मात्र अशी घाई औषधालाही नाही. असणार तरी कशी? पियानोवादक बॉब जेम्स यांनी पन्नाशी गाठली होती, ड्रमवादक हार्वी मेसन चव्वेचाळिशीच्या आसपास, गिटारवादक ली रिटनार चाळिशीच्या उंबरठ्यावर. सगळ्यांत धाकटे बासवादक नेथन ईस्ट, तेही पस्तिशीतले. जेम्स यांच्या ‘ग्रँड पियानो कॅन्यन’ या १९९० च्या अल्बमसाठी हे चौघे एकत्र वाजवायला बसले आणि त्यांचं जमलं.

जेम्स यांचं तर हे तिसरं पदार्पण म्हणायला हवं. १९६३ मध्ये त्रयीचा अल्बम, १९७४ मध्ये ‘वन’ हे नाव देऊन पुन्हा एकपासून मोजणी, आणि आता हे. मधल्या काळातला त्यांचा एक अल्बम मला फार बोलका वाटतो. १९६५ चा ‘एक्सप्लोजन्स’: टेपवरचे इलेक्ट्रॉनिक आवाज, तुटलेले सूर, कानाला टोचणारं सगळं. स्मूथ, म्हणजे गुळगुळीत, जॅझचे जनक म्हणून ज्यांना कौतुकाने आणि कुत्सितपणेही ओळखलं जातं, ते कर्कशपणाच्या गावाला आधीच जाऊन आले होते. मेसन यांनी हर्बी हॅनकॉकच्या ‘हेड हंटर्स’ या अल्बमवर (१९७३) ड्रम वाजवले होते. ईस्ट फिल कॉलिन्स आणि फिलिप बेली यांच्या ‘ईझी लव्हर’ या गाण्याच्या रचनेत सहभागी होते. यांचा गुळगुळीतपणा काही येत नाही म्हणून आलेला नव्हता.

स्मूथ जॅझची बदनामी झाली त्यात रेडिओचा वाटा मोठा. लॉस एंजेलिसच्या ‘द वेव्ह’ या रेडिओ केंद्राने १९८७ मध्ये रॉक सोडून हा बाज धरला, आणि ऑफिसात, गाडीत, दंतवैद्याकडे मागे मंद वाजत राहणारं संगीत अशी त्याची ओळख पक्की झाली. ऐकणाऱ्याने कान द्यावा अशी अपेक्षाच नाही, हा समीक्षकांचा राग. (ख्यालात मुरलेल्या आपल्याकडच्या काही मंडळींनी भावगीताला असंच नाक मुरडलेलं आहे.) त्या रागात तथ्य आहे. जॅझमध्ये वादक पडेल की काय, ही धास्ती ऐकणाऱ्याला धरून ठेवते. इथे कुणी पडण्याची शक्यताच नाही. या अल्बमचे काही तुकडे संपले तरी संपल्याचं लक्षात येत नाही, हे मी त्याचा चाहता असूनही मान्य करीन.

पण कान द्यायचाच म्हटलं तर ऐकण्यासारखं पुष्कळ आहे. ‘१०१ ईस्टबाउंड’ घ्या. एकशे एक हा लॉस एंजेलिसमधून जाणारा महामार्ग, आणि ‘ईस्ट’ हे बासवादकाचंच आडनाव; शीर्षकातच खोडकरपणा आहे. ईस्ट त्यात शब्दांवाचून गातात. कधी तरी बाकी सगळं बाजूला सारून फक्त मेसन यांचे झांजेवरचे ठोके ऐकावेत. ते एकसारखे वाटतात, पण तसे नसतात. एखादा किंचित हलका, एखादा जेमतेम स्पर्शलेला. ही चाल यंत्राला सहज साधणारी नव्हे. मार्विन गे यांचं १९७६ चं ‘आफ्टर द डान्स’ एल डीबार्ज यांनी इथे गायलं आहे, आणि चार कसलेले वादक गायकाच्या मागे निमूट उभे राहतात. एवढा हात असताना तो आवरून धरायचा, हे नवख्याला सुचतही नाही. त्याला काहीतरी सिद्ध करायचं असतं.

अल्बम अमेरिकेत भरपूर खपला. पुढे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात रिटनार बाहेर पडले, त्यांच्या जागी लॅरी कार्लटन आले, २०१० मध्ये चक लोब. दरम्यान न्यूयॉर्कमधल्या स्मूथ जॅझ केंद्राने २००८ मध्ये आणि शिकागोच्या केंद्राने २००९ मध्ये हा बाज सोडला. ज्या रेडिओवर सगळं खापर फुटलं, तोच असा मागे पडत गेला. जेम्स यांच्या ‘वन’मधल्या ‘नॉटिलस’चे तुकडे मात्र हिप-हॉपवाले कापून कापून वापरत राहिले. त्या मंडळींना मऊपणाची आवड होती असा आरोप अजून कुणी केलेला नाही.